भावजींचं मशीन आणि माझी माफी

बाळांनो, भावजींमुळे मला मान खाली घालावी लागली नाही असं घर हैदराबादेत अजून बांधलं गेलेलं नाही. भावजी म्हणजे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ. कुठेही गेले की माणसांना नमस्कार करण्याआधी ते यंत्रांची विचारपूस करतात. एकदा अंबरपेठेत समाचाराला गेलो होतो. बायका रडत होत्या, गुरुजी गरुडपुराण वाचत होते, आणि हे गृहस्थ स्टुलावर चढून पंख्याजवळ फोन धरून उभे! वरूनच मला आनंदाने म्हणाले, "वहिनी, बेअरिंग जातंय!" शेजारचे म्हातारे खाँसाहेब कळवळले, "अजी मियाँ, मरनेवाले कू तो चैन से जाने देव!" मी पदर सावरत घरच्यांना म्हटलं, "माफ करा हं, यांचं मनावर घेऊ नका."

पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेल्या या माणसाने जन्मभर मिक्सर, मोटारी, कूलर उघडले. परत जोडलेले फार थोडे. पण आजारी यंत्र ते नुसत्या आवाजावरून ओळखत. हा कान संगणकाला द्यायचा, असं त्यांच्या मनाने घेतलं. व्हिडिओ बघून शिकले, आबिड्सच्या बाजारातून जुने संगणक आणून मशीन जोडलं आणि त्याला शिकवायला शहरभर बिघडलेल्या पंख्यांचे आवाज गोळा करत सुटले. मागे मी, माफी मागत. चांगल्या पंख्यांचे आवाज मात्र आमच्याच घरात घेतले. तिथे माफी कुणाची मागणार?

अखेर एका संशोधन संस्थेने मशीन बघायला, जमलं तर नोकरी द्यायला बोलावलं. त्यांच्या वयाला पुन्हा कोण बोलावणार? इंग्रजीसाठी मला सोबत नेलं. साठवलेले सगळे आवाज मशीनने अचूक ओळखले. मग भावजी चपलांसकट तिथल्या मुख्य मॅडमच्या खुर्चीवर चढले आणि खोलीतल्या कोऱ्या पंख्याला फोन लावला. मी मेल्याहून मेले. "माफ करा हं," म्हटलं, तोच मशीन म्हणालं, "बिघाड." मॅडम हसल्या. मी पुन्हा माफी मागितली. पुन्हा "बिघाड."

भावजी हसले नाहीत. "वहिनी, आता गप्प बसा बघू." मशीन म्हणालं, "चांगला." ते खुर्चीवरून हळूच उतरले. "मॅडमना सांगा, याला पंखा कळतच नाही. याला तुमची लाज कळते. प्रत्येक बिघडलेल्या पंख्याखाली तुम्ही माफी मागत होतात. ते बिचारं बरोबर शिकलं, शिकवणारा मी चुकलो."

मी खालमानेने ते इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, अशी चूक लोक झाकतात. यांना सोमवारपासून यायला सांगा. एवढं सोपं वाक्य, पण ते भावजींना मी पुन्हा इंग्रजीतच सांगून बसले.

आता भावजी रोज संस्थेत जातात. सगळ्या आवाजांतून मला त्यांनी पुसून टाकलं आहे. नवे आवाज घ्यायला निघताना म्हणतात, "वहिनी, तुम्ही घरीच थांबा." परवा अफझलगंजला एका बारशाला मी एकटीच गेले. कुणी स्टुलावर चढलं नाही, कुणी काही उघडलं नाही. सगळं अगदी व्यवस्थित पार पडलं, आणि निघताना यजमानीणबाईंशी माफीशिवाय काय बोलावं, हेच मला सुचेना.