चौघांनी सावरलेलं उड्डाण

हेलिकॉप्टरच्या जन्माविषयी जगात दोन मतं आहेत : एक इतिहासाचं आणि दुसरं वराळ्यात राहणाऱ्या माझ्या मामेसासऱ्यांचं. त्यांपैकी दुसरं अधिक ठाम आहे. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला निघतात. मामा सुरुवातीच्या हेलिकॉप्टरांच्या मागे लागले. मावळात हल्ली जमीन विकली गेली की नवरदेव आकाशातून उतरतो. तेव्हा सगळे धावतात नवरदेवाकडे, मामा यंत्राच्या शेपटीकडे. "ह्यो मागचा बारका पंखा नसता तर नवरदेव गरागरा फिरला असता," हे ते वरमाईलाही थांबवून ऐकवतात.

त्यांचा खरा राग एका जुन्या फ्रेंच यंत्रावर. माणसाला घेऊन जमीन सोडणारं ते पहिलं, असं म्हणतात. पण चार माणसांनी ते चार बाजूंनी धरलं होतं. "उडालं कसलं? उचललं त्यांनी. लबाड लेकाचे," असं म्हणताना ते चौघे पलीकडच्या आळीत राहत असावेत तसे मामा तिकडे बघत.

पुढे गोठ्याशेजारी मामांचं स्वतःचं यंत्र उभं राहिलं. मोटारसायकलचं इंजिन, पत्र्याची पाती. हयातीत एकदा, वीतभर का होईना, जमीन सुटावी एवढीच त्यांची इच्छा. मामी म्हणाल्या, "न्हाई उडालं तर म्हशीला वारा तरी लागंल."

दसऱ्याला यंत्राची पूजा झाली, झेंडूचा हार पडला. यंत्र कलंडू नये म्हणून मामांनी चार भाऊबंदांना चार कोपऱ्यांवर उभं केलं आणि बजावलं, "नुसतं सावरा." मामा आत बसले. इंजिन गरजलं, कडबा उडाला, म्हैस दावं तोडून पळाली आणि यंत्र खरोखर वीतभर वर आलं. आळीने टाळ्या वाजवल्या. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. अर्थात धूळही पुष्कळ होती.

नंतर चहा आला. त्या चौघांचे हात असे थरथरत होते की निम्मा चहा बशीत सांडला. मामा बराच वेळ त्या बशांकडे बघत राहिले. मग मामींना म्हणाले, "ह्यांच्या दंडाला तेल दे चोळाया."

त्या यंत्रावर आता कोंबड्या बसतात. मामांचा इतिहास मात्र चालू आहे. परवा गाडी फ्रेंच यंत्रापाशी आली, तेव्हा त्यांचंच वाक्य मी सवयीने पुरं केलं, "लबाड लेकाचे." मामा थांबले.

"न्हाई जावईबापू, लबाड कशाला? आत बसला व्हता त्यो त्यांचाच कुणी असंल."