अँग्विश म्हणजे आवळणं

नवऱ्याचे दिवस झाले आणि मी पुन्हा कॉलेजला जायला लागले. अकरावीला इंग्रजी शिकवते. वाळूजहून रात्रपाळी करून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं होतं. सगळ्या स्टाफला ते माहीत होतं, त्यामुळं कोणी काही विचारत नसे. बरंच होतं ते. सांगायला माझ्याजवळ काही नव्हतं. रडूही येत नव्हतं. डब्यातली पोळी चिवट झाली असली तरी चावत राहायची, कोणी पंखा लावला तर त्याच्याखाली बसायचं, नाही लावला तर तसंच.

एका धड्यात 'अँग्विश' हा शब्द आला. पुढच्या बाकावरच्या मुलीनं अर्थ विचारला. मी म्हणाले, तीव्र मानसिक वेदना. तिनं लिहून घेतलं, मग एकदा माझ्याकडे पाहिलं आणि घाईनं मान खाली घातली. आपण नको ते विचारलं असं तिला वाटलं असावं. मला त्या शब्दाचं काहीच झालं नाही. मी पुढचं वाक्य वाचलं.

मुकुंदवाडीतल्या घरी आता आम्ही दोघीच. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या कन्नडकडच्या खेड्यातल्या. मुलाला इथं नोकरी लागली म्हणून शहरात आल्या, बोलणं मात्र गावचंच राहिलं. त्या मोठ्यानं रडायच्या. शेजारणी यायच्या, त्यांना पाणी द्यायच्या, पाठीवरून हात फिरवायच्या, आणि मी तिकडं चहा ठेवायचे. ट्रे घेऊन बाहेर आले की शेजारणी माझ्या डोळ्यांकडं बघायच्या. ते कोरडे असायचे.

पुढं आत्यांचं रडणं कमी झालं आणि त्या जिना चढताना मध्येच बसायला लागल्या. छातीवर हात ठेवून. मी विचारलं, दुखतंय का? त्या म्हणाल्या, नाय. दोन-तीनदा असं झाल्यावर मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनीही तेच विचारलं, छातीत दुखतं का, आणि आत्यांनी पुन्हा नाहीच सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मग काय होतं? तुमच्या शब्दांत सांगा."

"आवळतं," आत्या म्हणाल्या. "कुणी दाव्यानं आवळावं तसं. चढलं की आवळतं, बसलं की सुटतं."

बाईंनी मान हलवली. हा अंजायना असावा, म्हणाल्या. हृदयाला रक्त पुरत नाही. तपासण्या करू, तोवर या गोळ्या, आणि ही एक जिभेखाली ठेवायची. येताना रिक्षात आत्या बाहेर बघत होत्या. मीही बघत होते. भीती वाटायला हवी, एवढं मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी मोकळ्या तासाला मी लायब्ररीतली मोठी डिक्शनरी काढून अंजायना शोधला. जरा खाली नजर गेली तर त्याच पानावर अँग्विश. दोन्ही एकाच कुळातले निघाले. लॅटिनमध्ये त्यांचं मूळ म्हणजे गळा दाबणं, आवळणं. त्यातूनच 'अरुंद' असा अर्थ आला, आणि तो अरुंदपणा पुढं मनाचा झाला. मानसिक वेदना हा अर्थ नंतर आला, आधी नुसती जागा कमी पडत होती. मी ते पुन्हा वाचलं. वर्गात मी सांगितलेलं उत्तर चूक नव्हतं, पण गाईडातलं होतं.

संध्याकाळी आत्या तांदूळ निवडत होत्या, तेव्हा त्यांना सांगितलं. दुःखासाठी इंग्रजीत एक शब्द आहे, त्याचा मुळातला अर्थ आवळणं. त्यांना त्याचं काही नवल वाटलं नाही. तेच तर सांगितलं मी त्या बाईला, म्हणाल्या. मग हात थांबवून त्यांनी विचारलं, "तुला कुठं आवळतं?"

"कुठंच नाही, आत्या. मला काहीच होत नाही."

हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होते, आणि तेही ज्याच्यासाठी काही व्हायला हवं होतं त्याच्या आईला. आत्यांनी ताटातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"व्हईल," त्या म्हणाल्या. "आन् नाय झालं, तरी मी कुणाला काय बोलू देणार नाय."

आणि त्यांनी खरंच बोलू दिलं नाही. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी माझ्या न रडण्याबद्दल काहीतरी काढलं, तेव्हा आत्यांनी त्यांना सरळ सांगितलं की ती तिच्या परीनं राहील, तुम्ही तुमचं बघा.

तपासण्या झाल्या. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्यांवर भागेल, असं ठरलं. आत्यांना गावाकडं जाऊन यावंसं वाटत होतं. एका रविवारी मी त्यांना एसटीनं घेऊन निघाले. खिडकीची जागा त्यांना दिली. दौलताबाद मागं पडलं आणि मला झोप लागली. अशी झोप मला कितीतरी महिन्यांत लागली नव्हती. कन्नडच्या स्टँडवर गाडी रिकामी झाली, तेव्हा आत्यांनी खांद्याला हात लावून उठवलं. पिशवी त्यांनी आधीच उचलली होती. मी ती त्यांच्या हातातून घेतली आणि आम्ही उतरलो.