कोरी राहिलेली प्रश्नावली

माणूस काम कशासाठी करतो, यावर प्रबंध लिहिणारी एक मुलगी पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरकाकांकडे प्रश्नावली ठेवून गेली. कारणं चार होती: पैसा, सुरक्षितता, मान, कामातला आनंद. काकांची पेन्सिल कागदावर नुसतीच घुटमळत राहिली.

"पोटासाठी म्हणा आणि मोकळे व्हा," बायको म्हणाली.

"पोटासाठी कुणी न दिसणारी शिवण उसवून पुन्हा घालतं का?"

"मग कुणासाठी घालता?"

काकांनी पेन्सिल कागदावर आडवी ठेवली. काम वडिलांनीच शिकवलं होतं. वडील प्रत्येक नवं पुस्तक मधोमध उघडून टेबलावर ठेवत. पानं आपसूक सपाट राहिली, तर कारागिराला "जमलं" म्हणत. पण स्वतःच्या मुलाचं पुस्तक सपाट राहिलं, की मुकाट्याने पुढचं उचलत. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती.

प्रश्नावली कोरीच परत गेली. वर्षभराने त्या मुलीचा प्रबंध बांधणीला आला. ती न्यायला आली, तेव्हा काकांनी तो मधोमध उघडून टेबलावर ठेवला. एकही पान हललं नाही.

"सुंदर झालंय, काका!"

काकांनी मान डोलावली, पण प्रबंध लगेच मिटला नाही. अजून कुणीतरी बोलायचं राहिल्यासारखे ते क्षणभर तसेच उभे राहिले.