जावईबापूंची तर्री

चिकन शिजलं की नाही हे ओळखायची आमच्या जावईबापूंकडे एकच खूण होती. तर्री. रश्श्यावर लाल तेल तरंगायला लागलं की शिजलं, विषय संपला. आता पातेल्यात अर्धी बरणी तेल ओतल्यावर तर्री येणार नाही तर काय होणार? पण सांगणार कोण? जावई ना ते!

हा माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा, शहाडचा. उल्हासनगरात त्याच्या एका सिंधी दोस्ताचा ढाबा होता. तिथे चार संध्याकाळी भट्टीजवळ उभा राहिला आणि तेवढ्यावर स्वतःला खानसामा समजायला लागला. चांगला मराठी माणूस, पण हातात पळी आली की ह्याला हिंदी फुटायची.

बर्ड फ्लूची भीती तेव्हा नुकतीच ओसरली होती. चिकन खा, पण पूर्ण शिजवून खा, असं टीव्हीवाले घसा फोडून सांगत होते. बहिणीला सातवा लागलेला. थोडे दिवस आराम म्हणून ती बदलापूरला आईकडे आली होती आणि मी अंबरनाथहून तिला बघायला गेले होते. त्या रविवारी जावईबापू तिला परत न्यायला आले, ते चिकनची पिशवी घेऊनच.

"आज सबको मैं खिलाता हूँ," म्हणाले.

आई हरखलीच. जावई स्वतः रांधणार म्हणजे काय कौतुक! मी जन्मभर रांधलं, मला कधी कोणी पाट मांडून दिला नाही. ह्याला मात्र कांदे कापून, आलं-लसूण वाटून सगळं हातात. मसाला परतला, तेल ओतलं, चिकन टाकलं, एक उकळी आली न आली तोच गॅस बंद.

"ताई, ये देखो. इसको बोलते हैं तर्री."

पानं वाढली. पहिला लेग पीस बायकोच्या ताटात, "दो जान है, खा" असं म्हणून. मी बहिणीच्या शेजारीच बसले होते. चिमटीत धरून मांस ओढून बघितलं, तर ते हाड सोडेना. सांध्याशी मोडलं तर आतून गुलाबी पाणी आलं.

"कच्चं आहे हे."

"अहो ताई, ब्रॉयलर आहे. हाडाजवळ लाल दिसतंच." पकडला गेल्यावर मराठी बरोबर आठवली.

दिसतं कधीकधी, ते मलाही ठाऊक आहे. पण हाडाचं सोडा, मांस आतून पांढरं व्हायच्या ऐवजी काचेसारखं चकचकत होतं. ह्या दीडशहाण्याने आत बघायची तसदीच घेतली नव्हती. माझं डोकं फिरलं. बहिणीच्या ताटातलं उचललं, सगळ्यांच्या ताटातलं उचललं, पातेल्यात परत टाकलं, गरम पाणी घातलं आणि झाकण ठेवून गॅस पेटवला.

आईने डोळे वटारले. "अगं, जावयाच्या पुढ्यातलं ताट ओढतेस? लाज आहे का काही?"

"त्यांना भूक असेल तर कच्चं खाऊ देत. हिला मी देणार नाही."

जावईबापूंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "घरी तर ही कधी काही बोलत नाही," म्हणाले. "गुपचूप खाते."

सगळ्यांनी बहिणीकडे बघितलं. ती रिकाम्या ताटात बोट फिरवत होती.

"चावत नाही मी," ती म्हणाली. "गिळते. मागच्या महिन्यात त्यानंच दोन दिवस उलट्या झाल्या. तिकडे म्हणाले, पोटुशी बाई म्हटल्यावर उलट्या व्हायच्याच."

मी काहीतरी सणसणीत बोलणार होते, पण आईच उठली. आतल्या खोलीत दाराशी बहिणीची भरलेली बॅग तयार ठेवली होती. आईने ती उचलून कपाटावर टाकली आणि बाहेर येऊन जावयाला म्हणाली, "जेवा पोटभर. आणि मग एकटेच जा."