एका नावाचे दोन अर्थ

गाड्यांच्या सुट्या भागांना रंग देणारे कारखाने मिशिगनमध्ये पुष्कळ आहेत. आमची कंपनी त्यांच्यासाठी सॉफ्टवेअर लिहायची. ऑफिस तिथल्याच नोव्हाय नावाच्या गावात होतं. मी नागपूरची, माझे सीनियर पुण्याचे. त्यांना इथे येऊन इतकी वर्षं झाली होती की इथेच जन्मलेली त्यांची मुलगी कॉलेजात गेली होती, पण ग्रीन कार्ड अजून रांगेतच होतं. रंग सुकवायची जी भट्टी असते, तिचा सगळा प्रोग्राम त्यांनी एकहाती लिहिला होता. त्यात आकडे साठवायच्या जागांची नावं म्हणजे ए, बी-टू, फ्लॅग, न्यू-फ्लॅग. कुठे काय चाललंय आणि का, याचा खुलासा करणारी एकही कॉमेंट नव्हती. मी एकदा थोड्या कॉमेंट्स लिहिल्या, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या काढून टाकल्या.

"कोड वाचता आला पाहिजे," ते म्हणाले. मग जेवताना जरा मोकळेपणाने बोलले, "आणि सगळं लिहून ठेवलंस तर उद्या तुला कशाला ठेवतील?"

ते हसले. मला हसू आलं नाही, कारण त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आम्हा व्हिसावाल्यांपैकी बऱ्याच जणांची नोकरी अशाच कुणाला न कळणाऱ्या कोडवर टिकलेली होती.

त्या वर्षी टीममध्ये एक मुलगी आली. इथेच जन्मलेली, आईवडील मराठी, कॉलेज संपवून थेट पहिल्या नोकरीवर. पहिल्याच दिवशी कॉफी मशीनपाशी मला "मावशी" म्हणाली आणि लगेच चपापली. "सॉरी, ऑफिसमध्ये असं म्हणायचं नसतं ना?"

"म्हण," मी म्हटलं. "इथे मला दुसरं कोण म्हणणार आहे?"

ती मन लावून काम करायची. अडलं की विचारायची, आणि तेच सीनियरना आवडायचं नाही. तिने एखाद्या नावाचा अर्थ विचारला की ते स्क्रीनवरून नजर न काढता म्हणायचे, "रीड द कोड." काही आठवड्यांत तिने त्यांना विचारणं सोडलं.

मग तिला एक लहानसं काम मिळालं: एका वेळी भट्टीत किती भाग गेले, तो आकडा पडद्यावर दाखवायचा. त्यासाठी तिला तो आकडा क्षणभर कुठेतरी ठेवायचा होता. प्रोग्राममध्ये टेम्प नावाची एक जागा आयतीच होती. कॉलेजात शिकवतात त्याप्रमाणे टेम्प म्हणजे टेम्पररी, तात्पुरतं, कुणीही वापरावं असं. तिने आकडा त्यात ठेवला. पण आमच्या प्रोग्राममध्ये टेम्प म्हणजे टेम्परेचर होतं. भट्टी किती तापली आहे, ते त्यावरून ठरायचं.

ऑफिसातल्या चाचणीत काहीच बिघडलं नाही, कारण ऑफिसात भट्टी नव्हती. तिचा कोड तपासायला सीनियरकडे गेला. त्यांनी "लुक्स गुड" लिहून तो पुढे पाठवला. कारखान्यात भागांचा तो लहानसा आकडा वाचून भट्टीला वाटलं आपण अजून थंडच आहोत, आणि ती तापत राहिली. आतल्या सगळ्या भागांवरचा रंग फोड येऊन करपला. कुणाला इजा झाली नाही, पण माल भंगारात गेला आणि कारखान्याचा माणूस फोनवर आमच्या मॅनेजरला वाट्टेल ते बोलला.

मॅनेजरने आम्हा तिघांना बोलावलं. तो अमेरिकन, स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याला लवकरात लवकर एक कारण हवं होतं. सीनियर शांतपणे म्हणाले, "ती नवीन आहे. तिने कोड नीट वाचला नाही."

मुलगी मान खाली घालून बसली होती. मी बोलले. त्या नावावरून कुणाचाही तोच समज झाला असता, तापमानाला तापमान म्हटलं असतं तर हे झालंच नसतं, शेजारी एक ओळ लिहिलेली असती तरी पुरलं असतं. आणि तो कोड तपासून पुढे पाठवणारी ती नव्हती, हेही म्हटलं. मॅनेजरने मान डोलावली, वहीत काहीतरी टिपून घेतलं. सीनियरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पार्किंगमध्ये मात्र ते माझ्या गाडीपाशी थांबले होते. आवाज न चढवता बोलले.

"आपल्याच माणसाला असं गोऱ्यासमोर उघडं पाडायचं?"

"तीही आपलीच आहे की."

"ती इथली सिटिझन आहे. तिला उद्या दुसरी नोकरी मिळेल. माझी गेली तर मला दोन महिन्यांत घर आवरून देश सोडावा लागेल. मुलीच्या कॉलेजचं काय करू? सांग."

माझाही व्हिसा तसलाच होता. त्यांच्या भीतीत खोटं काही नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

मॅनेजरने मला नवशिक्यांसाठी नावं आणि कॉमेंट्स यांचे नियम लिहायला सांगितलं. मी त्या मुलीला सोबत घेतलं. नावात वस्तू दिसली पाहिजे, माप असेल तर मापही दिसलं पाहिजे. काय केलं ते कोड सांगतोच, का केलं ते कॉमेंटने सांगावं. सगळ्यात चांगला नियम तिचा होता: नाव वाचून दोन माणसांना दोन गोष्टी वाटल्या, तर ते नाव बदला. ते लिहिताना ती बऱ्याच दिवसांनी हसली. मला वाटलं, निभावलं.

नियम छापून झाले त्याच आठवड्यात तिला काढलं. कारण दिलं, परफॉर्मन्स. तिने खोक्यात कॉफीचा मग आणि टेबलावरचं रोपटं भरलं, मला मिठी मारली आणि म्हणाली, "इट्स ओके, मावशी." सीनियर तेवढा वेळ मीटिंगमध्ये होते.

त्यांच्या घरच्या गणपतीचं बोलावणं त्या वर्षी मला आलं नाही. वहिनी दुकानात दिसल्या, तर सामानाची गाडी ढकलत दुसऱ्या रांगेत वळल्या. नंतर जी नवी मुलं आली, त्यांना ते नियम सीनियरनीच शिकवले. छान शिकवले, हे मान्य करायला हवं. उदाहरणं देऊन, विनोद करत. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकलं. आमच्या दोघींपैकी कुणाचा उल्लेख झाला नाही. वर्ष सरायच्या आत मी ती नोकरी सोडली.

ती मुलगी मला पुढे मराठी मंडळाच्या दिवाळीत भेटली. आईसोबत वाढायला उभी होती. आता फिजिओथेरपी शिकतेय म्हणाली. मी विचारलं, "आणि प्रोग्रामिंग?"

"आय वॉझंट गुड अ‍ॅट इट, मावशी," ती सहज म्हणाली. "मला ते जमत नव्हतं."

मी म्हटलं, तसं नव्हतं, तुला चांगलं जमत होतं, तुलाही ते माहीत आहे. तिने माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. मी तिचं मन राखायला बोलतेय असं तिला वाटलं असणार. माझ्या ताटात श्रीखंड वाढून ती पुढच्या माणसाकडे वळली.