वहीतली खोडलेली ओळ

सरसाचं भांडं शेगडीवर करपून कोळसा झालं, आणि बाइंडर त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून शांतपणे एका जाडजूड पुस्तकाची पाठ शिवत होता. धूर डोळ्यांत गेला तेव्हा कुठे त्याने मान वर केली. तोवर बायको नाकाला रुमाल लावून जिना उतरली होती.

"अहो, शुद्धीवर आहात ना? अख्ख्या जिन्यात वास कोंदलाय आणि तुम्ही खुशाल सुई घेऊन बसलाय!"

हाडा-कातड्याचा सरस जळला की काय घाण सुटते, हे ज्याने एकदा भोगलंय तो जन्मात विसरत नाही. बाइंडरला कसलाच वास आला नव्हता. त्याने भांडं नाकाशी नेलं. काही नाही. मग चामड्याचा तुकडा, शाईची बाटली, रॉकेलचं फडकं. काही नाही. बायकोने कांदा कापून त्याच्या तोंडासमोर धरला, तेव्हा डोळ्यांना पाणी आलं. ते कांद्याचंच आहे, असं त्याने तिला सांगितलं.

दोन आठवड्यांपूर्वी साधा ताप येऊन गेला होता. तो जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, "येईल परत. नाहीही येणार. सांगता येत नाही." वा रे डॉक्टर! एवढं तर शेजारच्या न्हाव्यानेही सांगितलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, बाइंडरला नाक हवं कशाला? पुस्तकं काय हुंगून शिवायची असतात? नसतात. पण या माणसाकडे दुसरं होतं काय? वाचनालयांची फाटकी पुस्तकं दुरुस्त करायची, एवढाच धंदा उरलेला. मूलबाळ नाही. बोलणं मोजकं, तेही अडखळत. लग्नसमारंभात हा कोपऱ्यात बसला तर लोक त्याच्या मांडीवर आपले कोट ठेवून जात. अशा माणसाला चार जण मान देत होते ते एका गोष्टीसाठी: बिअरचा घोट घेऊन तो जे लिहायचा, ते वाचून न पिणाऱ्यालाही तहान लागायची.

आणि बिअरही कुठलीही नाही. सेझाँ. शेतघरातली बिअर. थंडीत करून ठेवायची, उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या माणसांनी प्यायची, अशी जुनी रीत. रंगाने वाळल्या गवतासारखी, फेस हा एवढा, चवीला कोरडी ठणठणीत. बाइंडरचा एक जिवलग मित्र होता, दूध डेअरीतला फिटर. नोकरी सोडून त्याने एका बंद पडलेल्या डेअरीच्या शेडमध्ये टाकी बसवली आणि वर्षातून एकदाच, एकच सेझाँ करायला लागला. त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं. एकट्या बाइंडरने पहिल्या खेपेचा घोट घेऊन कागदावर लिहिलं: "आधी मिरी. मग संत्र्याच्या सालीचा कडवटपणा. मधेच गवताची गंजी, उन्हात तापलेली. शेवट कोरडा; नवरा-बायको भांडून गप्प झाल्यावर घर असतं तसा." फिटर हसून हसून लोळला. म्हणाला, "साल्या, मी नुसती बिअर केली होती. ही तू केलीस."

तेव्हापासून चवीची बैठक सुरू झाली. चार-पाच जण. बाइंडर प्रत्येकाला एकेक कोरा ताव घडी घालून द्यायचा. आधी लिहायचं, मग वाचायचं. वाचून होईपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि बाइंडरने सगळ्यांत शेवटी वाचायचं. हा शेवटचा नियम फिटरचा. "हा एकदा बोलला की तुम्ही सगळे याचीच री ओढता," तो म्हणायचा. "मग मला माझ्या बिअरबद्दल कळायचं कसं?" वाचून झालं की बाइंडर सगळे ताव गोळा करायचा, वर्षअखेरीस शिवून त्यांची वही बांधायचा आणि निवडक नोंदी छोट्या पुस्तिकेत उतरवून बिअर घेणाऱ्यांना वाटायचा. लोक म्हणे बिअर संपल्यावरही ती पुस्तिका जपून ठेवत.

फिटर दोन वर्षांपूर्वी गेला. तीन महिने दवाखान्यात होता. शेवटी शेवटी त्याने बाइंडरचा हात धरून एवढंच म्हटलं, "टाकी ही सांभाळेल. चव तू सांभाळ." ही म्हणजे त्याची बायको, वहिनी. वहिनींनी खरंच सांभाळली टाकी. जव भिजवणं, उकळवणं, यीस्ट घालणं, सगळं एकटीने. नवऱ्यामागची पहिली खेप उत्तम उतरली. बाइंडरने तशी ग्वाही दिली, तेव्हा कुठे त्यांनी बाटल्या भरल्या होत्या.

आणि आता दुसरी खेप तयार होती, बैठक रविवारी होती, आणि चव सांभाळणाऱ्याचं नाक ठार मेलेलं.

"सांगून टाका," बायको म्हणाली. "नाक गेलंय, अब्रू नाही गेली."

"सांगतो."

"कधी?"

"बघू. तोवर येईलही परत."

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. नाकाशिवाय आपण त्या शेडमध्ये गेलो तर आपल्याला कोण कशाला विचारेल, ही साधी, लाजिरवाणी भीती. शनिवारी त्याने गेल्या वर्षीची वही काढली आणि स्वतःचीच नोंद घोकून पाठ केली. पन्नाशी उलटलेला माणूस, आणि परीक्षेला बसल्यासारखा पाठांतर करत होता!

रविवारी सकाळी शेडमध्ये चौघं जमले. वहिनी, बाइंडर, शाळेतून निवृत्त झालेल्या भूगोलाच्या बाई आणि दातांचे डॉक्टर. डॉक्टरांची नोंद वर्षानुवर्षं एकच: "छान. अजून गार हवी होती." बाई मात्र जिभेच्या पक्क्या आणि पेन्सिल अशी दाबून लिहायच्या की खालच्या टेबलावर नकाशा उमटावा.

वहिनींनी टाकीतून चार ग्लास काढले. थंडीचे अजून सहा आठवडे शिल्लक होते; खेपेत खोट निघाली तर टाकी ओतून, धुऊन पुन्हा करायला तेवढे पुरेसे होते. एकदा बाटल्या भरल्या की मग काही करता येणार नव्हतं. हे चौघांनाही ठाऊक होतं.

बाइंडरने घोट घेतला. गार. बुडबुडे. थोडं कडू. बास. सर्दी झालेल्या माणसाने सोडा प्यावा, तसं. त्याने डोळे मिटले, कारण एरवी तो मिटायचा. मग पाठ केलेलं सगळं कागदावर उतरवलं, दोन शब्द इकडचे तिकडे करून.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "आज तुम्ही आधी वाचा."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "ते शेवटी वाचतात. नियम आहे."

"नियम ज्यांनी केला ते गेले, बाई. मला धीर निघत नाहीये."

बाइंडरने कागद उचलला आणि वाचला. मिरी. संत्र्याची साल. गवताची गंजी. शेवट कोरडा. आवाज अगदी नेहमीसारखा लागला, याचं त्यालाच नवल वाटलं.

मग शेडमध्ये एक बारीकसा आवाज झाला. खरर, खरर. बाई मान खाली घालून खोडरबराने काहीतरी खोडत होत्या. इतक्या वर्षांत बाईंनी कधी एक अक्षर खोडलं नव्हतं. खोडून त्यांनी कागदावरची रबराची भुकटी फुंकली, पुन्हा काही लिहिलं आणि वाचलं: "मिरी आहे. साल आहे. मान्य." डॉक्टर म्हणाले, छान, अजून गार हवी होती.

एक वाक्य होतं फक्त: बाई, आधी काय लिहिलं होतंत? पाच शब्द. ते बाइंडरच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच बसले. वहिनींचा चेहरा सैल झाला होता, कित्येक दिवसांनी.

"मग भरू बाटल्यांत?"

"भरा," बाइंडर म्हणाला.

उन्हं तापायला लागली आणि एका दुपारी शेडमध्ये पहिली बाटली फुटली. मग दुसरी. मग एका ओळीत अकरा. टाकीत कुठलं तरी रानटी यीस्ट शिरलं होतं आणि बंद बाटलीत ते माजलं. ज्या फुटल्या नाहीत त्या उघडल्या की निम्मी बिअर छताला जायची, आणि उरलेलीला म्हणे दवाखान्याचा वास. जखमेवरच्या औषधी पट्टीचा. म्हणे, कारण बाइंडरला तो तेव्हाही येत नव्हता. उपाहारगृहवाल्यांनी खोकी परत पाठवली. वर्षाची सगळी खेप गटारात गेली. ओतायला बाइंडर मदतीला होता; नको कसं म्हणणार? वहिनी एकेक बाटली उघडत होत्या आणि तो ओतत होता.

शेवटच्या खोक्यापाशी वहिनी खाली बसल्या.

"बंद करते मी हे, भावजी. माझ्याच्याने नाही होणार."

"एक खेप बिघडली म्हणून—"

"खेपेचं नाही हो. मला तेव्हाच वास आला होता. टाकी उघडली त्या दिवशी. औषधाचा." त्या हातातलं बूच फिरवत राहिल्या. "पण हे गेल्यापासून मला सगळ्यालाच दवाखान्याचा वास येतो. उशीला येतो, पावाला येतो. म्हटलं, हेही त्यातलंच असणार. आणि मग तुम्हाला मिरी लागली. बाईंनाही लागली. म्हटलं, आपलंच डोकं फिरलंय. ज्या बाईला आपल्या नाकावर भरवसा ठेवता येत नाही, तिने बिअर कशाला करावी? पुढच्या सोमवारी टाकी नेतायत."

बाइंडरला वाटलं, आत्ता धरणी फाटावी. ती काही फाटली नाही. तो रिकामी खोकी एकावर एक रचून घरी गेला.

त्या आठवड्यात त्याने वही बांधायला घेतली. निदान एवढं तरी पुरं करावं म्हणून. बाईंचा ताव घडी घालायला उचलला आणि तो खिडकीच्या उजेडात तिरपा झाला. शिसं खोडलं गेलं होतं, पण पेन्सिलीचा दाब कुठे जातो? ओळ न् ओळ कागदात रुतलेली होती. बाइंडरने ताव डोळ्यांजवळ नेला.

"दवाखान्याचा वास. जखमेची पट्टी? बाटल्या भरू नयेत."

बायकोने जेवायला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा ती स्वतःच आली, खांद्यावरून वाकून तिने ती ओळ वाचली, आणि ताट झाकून ठेवायला परत गेली. तिने चार बोल सुनावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी तो ताव कोटाच्या खिशात घालून बाइंडर शेडवर गेला. त्याने मनाशी ठरवलं होतं: सगळं सांगायचं. तुमचं नाक खरं होतं, खोटं माझं होतं, हे सांगायचं. मग त्या थांबतील. टाकी परत बसवतील. अजून वेळ गेलेली नाही, असं तो वाटभर स्वतःला बजावत होता.

टाकी बाहेर काढलेली होती. शेडच्या फरशीवर तिच्या चार पायांचे चार पांढरे गोल उमटलेले होते. वहिनी झाडत होत्या. बाइंडरने ताव पुढे केला आणि एका दमात, अडखळत, सगळं ओकून टाकलं. ताप, सरस, कांदा, पाठांतर. "तुम्हाला आला तो वास खरा होता, वहिनी. बाईंनाही आला होता. हे बघा. तुमचं काही चुकलं नव्हतं. मला भीती वाटली. मला तुम्ही... मला सगळ्यांनी..."

वहिनींनी ताव उजेडात धरला, तिरपा केला, वाचला. पुन्हा वाचला. मग घडी घालून स्वतःजवळ ठेवला.

"म्हणजे मी बरोबर होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"दोन वर्षं मला वाटतंय मी वेडी होत चाललेय."

वहिनींनी पुन्हा झाडू हातात घेतला.

"बाई त्या दिवशी खोडत होत्या, ते तुम्हाला ऐकू आलं होतं?"

तो नाही म्हणू शकला असता. त्याने मान हलवली. "आलं होतं."

"मग नाकाचं काय सांगता, भावजी?" आवाज चढला नव्हता, चढला असता तर बाइंडरला सोसला असता. "नाक गेलं ते मी हसत माफ केलं असतं. आपण दोघं मिळून रडलो असतो. पण कान तर शाबूत होते ना तुमचे?"

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. टाकी न्यायला माणसं आली होती. वहिनींनी झाडू भिंतीला टेकवला आणि त्या टेम्पो मागे घ्यायला हाताने खूण करू लागल्या. बाइंडर नेमका वाटेतच उभा होता. तो बाजूला झाला.