बाकाखालची जाळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर एवढा संसार केला त्या ह्यांना तर नाहीच. देवापुढं बसते तेव्हासुद्धा ह्या गोष्टीपाशी आले की भरभर पुढं सरकते — जसं काही देवाला ते ठाऊकच नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, ते बरंय. समोर बसला असता तर मी आत्ता चहा टाकायला उठले असते.

लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पाठची भावंडं लहान, आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला — कुणीतरी घरी राहायलाच हवं होतं, ते मी राहिले. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण कोट घातलेल्या माणसापुढं, ऑफिसातल्या काचेपुढं, माझे हात अजूनही गार पडतात. कुणी प्रश्न विचारला की उत्तर खरं कोणतं ह्याच्या आधी मनात येतं, ह्याला कोणतं हवंय?

दोन हजार सालाच्या पुढची चार-पाच वर्षं उलटली होती, तेव्हाचा हा हिवाळा. आम्ही तो अख्खा हिवाळा गाडीत राहिलो. गाडीत म्हणजे वोनमोबीलमध्ये — पुढं स्टिअरिंग, मागं पलंग, मधे गॅसची शेगडी, बाक, घडीचं टेबल आणि कपाटाएवढा संडास. हे कारखान्यांत नवीन मशिनी बसवून, चालू करून द्यायचे. आयटीआयचा फिटर माणूस, पण हात असा की साहेब लोक सोडायचे नाहीत. काम कधी इथं महिना, कधी तिथं दोन. कंपनी राहायला खोली द्यायची ती एकट्यापुरती. मी आणि आमची लेक जुई तिकडं जर्मनीत न्युरेम्बर्गला, हे शनिवार-रविवारचे पाहुणे. जुई पाचाची होती, पुढच्या वर्षी शाळा सुरू होणार. शाळा लागली की इथं फिरता येत नाही. हेच म्हणाले, एवढा एक हिवाळा सगळे बरोबर राहू. एका जर्मन मित्राची जुनी गाडी घेतली आणि निघालो.

आई फोनवर म्हणाली, "अगं, विंचवागत बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडताय व्हय? लोक फारीनला बंगले बांधायला जात्यात."

मी हसले. पण खरं सांगू? मला आवडलं होतं ते. संध्याकाळी हे घरी यायचे ते रोज यायचे. तिघं एका बाकावर दाटीवाटीनं बसून भाकरी खायचो. खिडकीच्या आतून पाणी ओघळायचं, मी पुसत राहायचे. टाकीतलं पाणी गोठू नये म्हणून, गॅस संपू नये म्हणून माझा जीव सारखा टांगणीला — पण तो माझा स्वभावच आहे. त्या दिवसांबद्दल मी अजून आभार मानते. ते आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की बाईला दिवस नासवण्याची सवयच आहे.

डिसेंबरात ह्यांना लुडविग्सहाफेनजवळ काम लागलं आणि आम्ही ऱ्हाईनकाठच्या एका काम्पिंगप्लाट्झवर, म्हणजे असल्या गाड्या लावून राहायच्या मैदानावर, येऊन थांबलो. उन्हाळ्यात तिथं गर्दी असते म्हणे. हिवाळ्यात आमच्यासारख्या सात-आठ गाड्या, झाडांना पान नाही, आणि नदीवरून येणारं धुकं. तिथं हेर क्रोल होते — हेर म्हणजे आपलं श्रीयुत.

त्यांच्याबद्दल कसं सांगू? सत्तरीकडं झुकलेला माणूस, बायको गेलेली, वर्षभर तिथंच राहणारा. कुणाचा नळ गोठला, कुणाची गाडी सुरू होईना, की लोक त्यांच्या दारावर टकटक करायचे. ते टोपी घालायचे, निळी हत्यारपेटी उचलायचे आणि निघायचे. कोपऱ्यावरून ती पेटी येताना दिसली तरी धीर यायचा. जुई त्यांना ओपा म्हणायची, म्हणजे आजोबा. जुई माझ्याशीसुद्धा जर्मनच बोलायची. मी मराठीत विचारायचं, तिनं जर्मनमध्ये उत्तर द्यायचं. ते दोघं बोलायला लागले की मला सगळं कळायचं नाही. मी नुसती हसायचे. ओपाही माझ्याकडं बघून हसायचे, आणि माझ्याशी बोलताना एकेक शब्द सुटा करून, सावकाश बोलायचे. परक्या मुलखात माझ्याशी एवढं सावकाश कोण बोललं होतं?

जानेवारीच्या सुरुवातीला आमची हायझुंग, म्हणजे गाडी गरम ठेवायची मशीन, बंद पडली. हे कामावर. हेर क्रोलनी दिवसभर पालथं पडून ती दुरुस्त केली. गरम हवा यायला लागली तेव्हा जुईनं टाळ्या वाजवल्या. निघताना त्यांनी मला खाली वाकायला लावलं आणि बाकाखाली जमिनीलगत एक जाळी दाखवली. तिच्यातून बाहेरची हवा आत यायची. ही उघडी ठेवायची, फ्राऊ पाटील, कायम उघडी, असं म्हणून त्यांनी जाळीवर हात ठेवून तो काढून दाखवला. मी म्हणाले, "या, या. गेनाऊ." हो, हो, बरोबर.

म्हणजे मला सांगितलेलं होतं. कळलेलंही होतं. हे नीट ध्यानात ठेवा.

पण त्या जाळीतून गार वारा यायचा, आणि तो नेमका जुई खेळायची तिथं. पोरीचे पाय बर्फासारखे. आमच्याकडं थंडीत फटीला चिंधी लावतात — आजीनं लावली, आईनं लावली, त्यात काय विचारायचं? मी माझ्या जुन्या परकराचा तुकडा घेतला आणि ती जाळी गच्च बंद केली. मनात म्हटलंसुद्धा, ह्या जर्मन लोकांना प्रत्येक गोष्टीचा नियम लागतो.

संक्रांत आली. बाहेर बर्फ, छतावरच्या खिडकीवर बर्फाचा थर. हे कामावर गेल्यावर मी सकाळीच तीळ भाजायला घेतले, मग शेंगदाणे, मग दुसऱ्या शेगडीवर गुळाचा पाक. काम्पिंगवरच्या प्रत्येकाला लाडू द्यायचे होते, म्हणून चांगला मोठा घाट घातला होता. दोन्ही शेगड्या सकाळभर चालू. मधे वर काही ठेवलेलं नव्हतं तरी एक तशीच जळत ठेवली, तेवढीच ऊब. दारखिडक्या बंद. जुई बाकावर चित्रं काढत होती. मग ती आडवी झाली. मग म्हणाली, "मामा, मिअर इस्ट श्लेष्ट." आई, मळमळतंय. मला वाटलं, गूळ खाल्लाय चोरून. माझंही डोकं जड झालं होतं. पाक करपायला लागला आणि मला हात उचलून गॅस बंद करायचा कंटाळा आला — कंटाळा, बघा. तेव्हा मनात चरकलं. जुईला उठवायला गेले तर तिची मान लुळी पडली.

दार कसं उघडलं आठवत नाही. तिला घेऊन मी पायरीवरून बर्फातच पडले. हेर क्रोल समोर बर्फ लोटत होते. फावडं टाकून धावत आले, आपला कोट काढून तिला गुंडाळली, तिचे गाल चोळायला लागले. तिनं डोळे उघडले, ओकली, रडली. एका हातानं तिला धरून ते फोन करत होते.

आणि मी?

इथपर्यंत मी मनातल्या मनात शंभरदा आले आहे आणि परत फिरले आहे. आज फिरत नाही. माझी मुलगी दुसऱ्याच्या मांडीवर रडत होती, आणि मी उठून गाडीत परत गेले. गॅस बंद करायला नाही. तो तर तसाच जळत होता, नंतर कुणीतरी बंद केला. मी गुडघ्यांवर बसले, बाकाखाली हात घातला, जाळीतली चिंधी उपसून काढली आणि स्वेटरच्या आत पोटाशी खोचली. मग बाहेर येऊन लेकीला जवळ घेतलं.

दवाखान्यात जुईला ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी ती खडखडीत बरी झाली, त्याबद्दल मी अजून दर संक्रांतीला देवापुढं साखर ठेवते. डॉक्टर ह्यांना म्हणाले, बंद जागेत हवा कमी पडली की जळता गॅस विष सोडतो. त्याला वास नसतो.

मग एक तपासणीवाला माणूस आला. त्यानं हायझुंग उघडली, नळ्या बघितल्या. धूर बाहेर नेणाऱ्या नळीची एक पट्टी जरा सैल वाटते, म्हणाला. पण त्यानंच झालं असं सांगता यायचं नाही. मग बाकाखाली वाकून बघितलं आणि मला विचारलं, ही जाळी उघडी होती का?

मी म्हणाले, "या." हो.

एवढाच शब्द. जर्मनमधला पहिला शिकलेला.

हेर क्रोल तिथंच, दाराशी उभे होते. मी माझ्या चपलांकडं बघत होते.

ह्यांनी विचारलं, हायझुंगला हात कुणी लावला होता? उत्तर त्यांना माहीतच होतं. हे तसे कुणाला अरे म्हणायचे नाहीत. पण त्या दिवशी सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते त्या म्हाताऱ्या माणसाला बोलले — येत नसेल तर हात कशाला लावता, माझी पोर गेली असती. हेर क्रोलनी टोपी काढून हातात धरली होती, ते तिची कड बोटांनी फिरवत राहिले. संध्याकाळी काम्पिंगची मॅनेजरबाई त्यांच्याकडं जाऊन सांगून आली की ह्यापुढं कुणाच्या गाडीला हात लावायचा नाही.

ती निळी पेटी मग कधी बाहेर दिसली नाही. लोक वाईट नव्हते. गूटन मॉर्गन म्हणायचे. पण शेजारणीचा नळ गोठला तेव्हा तिनं गावातून माणूस बोलावला. हेर क्रोल खिडकीतून बघत होते. मीही माझ्या खिडकीतून बघत होते. जुई ओपाकडं जायचा हट्ट करायची. मी तिला म्हणायचे, नको, पप्पा रागावतील.

मी स्वतःला काय सांगितलं होतं, ते ऐका. न्युरेम्बर्गमधल्या आपल्याकडच्या बायका कुजबुजत सांगायच्या की मुलाची हयगय केली तर इथलं सरकारी ऑफिस मूल उचलून नेतं. मी म्हटलं, मी गप्प बसले ते जुईसाठी. किती वर्षं मी हे धरून होते! पण ते खोटं आहे. बाकाखाली हात घातला तेव्हा माझ्या मनात सरकार नव्हतं. हे म्हणतील ना, "सांगितलं होतं तरी एवढंही कळलं नाही?" — एवढंच होतं. बाकी काही नाही. त्यांनी मला जन्मात कधी अडाणी म्हटलं नव्हतं. आणि ते म्हणू नयेत म्हणून मी एका माणसाचे हात काढून घेतले.

फेब्रुवारी संपता संपता ह्यांचं तिथलं काम उरकलं. निघायच्या सकाळी मी भांडी कपाटात बांधत होते, हे पुढं इंजिन गरम करत होते, खिडकीची काच खाली. हेर क्रोल आले. पायरीपाशी थांबले, वर चढले नाहीत. टोपी काढली. मला वाटलं, आता म्हणतील — मी हात ठेवून दाखवला होता, फ्राऊ पाटील. आता सगळं बाहेर येणार. आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं.

ते बोलायला लागले. नेहमीसारखंच, एकेक शब्द सुटा करून, मला कळावं म्हणून. म्हणाले, "मी पुष्कळ विचार केला. ती पट्टी माझ्याकडूनच सैल राहिली असणार. हात आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. तुमच्या मुलीला काही झालं असतं तर… मला माफ करा."

मला सगळं कळलं. एकही शब्द चुकला नाही.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ह्यांनी आरशातून मागं बघितलं. आणि मी हातातलं भांडं खाली ठेवलं, ओले हात पुसले, आणि त्यांना माफ केलं. "इस्ट गूट, हेर क्रोल," असं म्हणाले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, डांके म्हणाले, पुन्हा डांके म्हणाले.

मी तेवढ्यावर थांबले नाही. मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाले, "पुढच्या वेळी नीट बघून करा."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले.